खरी नक्कल

सडक अर्जुनीच्या तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडात रत्नपाल शहारेची टेबल-खुर्ची असे. तो लोकांना अर्ज लिहून द्यायचा. उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद, बांधाचं भांडण, विहिरीची मंजुरी, कोणाचं काहीही अडलं की ते आधी रत्नपालच्या टेबलावर यायचं आणि मग 'महोदय' म्हणत सरकारदरबारी जायचं. पंधरा वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं, की जगात अडलेलं असं काही नसतंच, अर्ज तेवढा नीट केलेला नसतो. रत्नपालला तसं वाटायचं. आणि घोडं तिथेच पेंड खायचं.

त्याच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे २००१ साली, टीव्हीवर 'बारह ताले' नावाची हिंदी मालिका लागायची. एक ओसाड महाल, त्याला बारा कुलपं, आणि दर कुलपापाशी एक म्हातारी कोडं घालणार. उत्तर आलं तर कुलूप उघडणार. नवी नवरी अल्का भाकरी थापता थापता कोडी सोडवायची आणि रत्नपालच्या आधी सोडवायची. नऊ कुलपं उघडली. दहाव्याच्या आठवड्यात त्या वेळेला सासू-सुनांची भलतीच मालिका सुरू झाली. का, ते कोणी सांगितलं नाही. देशाला त्याचं काही वाटलं नसेल, या दोघांना वाटलं. पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठवावं तसं झालं त्यांना.

२००५ मध्ये टाइपरायटर जाऊन घरी जुना कॉम्प्युटर आला. कुठल्याशा मासिकाबरोबर एक सीडी मिळाली होती, तिच्यात गेम तयार करायचं फुकटचं सॉफ्टवेअर होतं. रत्नपालने ठरवलं, बाराही कुलपं आपण उघडायची. लोडशेडिंगमुळे लाइन धडपणे पहाटे पाच ते आठच असायची, तेवढ्यात काय होईल ते काम. चित्रं अल्काने काढली. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर कमळं काढणारी बाई ती, ड्रॉइंगच्या वहीत तिने अख्खा महाल उभा केला. फोटो स्टुडिओवाल्याकडून रत्नपाल ती चित्रं स्कॅन करून आणायचा. टीव्हीतली नऊ कुलपं आठवून आठवून केली, उरलेली तीन त्यांची स्वतःची. दहावं राइस मिलच्या भुशात दडलेलं, अकरावं मालगुजारी तलावाच्या पाळीवर, आणि बारावं, जे कोणालाच सुटत नसे, ते पूर्णपणे अल्काचं. म्हातारीचा आवाजही तिचाच. टीव्हीतली म्हातारी शुद्ध हिंदी बोलायची, ही म्हणायची, "कोन व्हय रे? कायले येऊन राहिला?" पोरं त्या एका वाक्यासाठी गेम पुन्हा पुन्हा लावायची.

पाच वर्षं गेली यात. २०१० मध्ये सीड्या या हातातून त्या हातात देवरीपर्यंत गेल्या, पेपरात बातमीही आली. गोंदियात कॉलेज करणाऱ्या कोणीतरी गेम इंटरनेटवर चढवला, तेव्हा रत्नपालच्या ध्यानात आलं: गोष्ट लोकांची, आपण परवानगी घेतलेली नाही. दुसरा असता तर गप्प बसला असता. पण याचा जन्म गेला अर्ज करण्यात!

आधी त्याने फोन केले. वाहिनीवाले म्हणाले, हक्क निर्मात्याकडे. निर्मात्याची कंपनी बुडालेली, तिच्या मालिका दुसऱ्या कंपनीने घेतलेल्या. त्या कंपनीतली बाई म्हणाली, "कहानी हमारी है, गाना हमारा नहीं." रत्नपालने गाणं काढून टाकलं. पुढच्या फोनला दुसरंच कोणी म्हणालं, हिरोच्या चेहऱ्याचा हक्क हिरोचा. आता अल्काने काढलेला हिरो तिच्या थोरल्या भावासारखा दिसायचा, पण हे मुंबईला फोनवर कसं पटवायचं? सात महिने हे चाललं. फोन लागला की वाट बघायला लावायचे, आणि ज्याच्यासाठी वाट बघितली तो साहेब जेवायला गेलेला असायचा. रत्नपालचा कान दुखायला लागला. शेडात बसून लोकांचे अर्ज लिहिताना त्याला पहिल्यांदाच त्या लोकांची कीव आली. आपणही यांना असंच या दारातून त्या दारात पाठवत आलो, असं त्याच्या मनात यायचं आणि हात थांबायचा.

शेवटी त्याने स्वतःचा अर्ज लिहिला. हिंदीत, पण घडण कचेरीचीच. वर पाच रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं. विषयात लिहिलं, 'बारह ताले की नक्कल निकालने की अनुमति मिलने बाबत.' खाली जोडपत्र म्हणून सीडी, आणि सीडीवर अगदी वळणदार अक्षरात 'खरी नक्कल' लिहून सही. इकडे सातबाराची नक्कल मिळते, फेरफाराची मिळते, शिक्का मारलेली नक्कल म्हणजे अस्सलाइतकी पवित्र वस्तू. रत्नपालला म्हणायचं होतं, आम्ही प्रामाणिक आहोत, पाहून घ्या. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला.

दीड महिन्याने कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. ती घेऊन तो शेजारच्या टेबलावर गेला. तिथे केवलराम वकील बसायचे, नोटरीचं कामही तेच करायचे. त्यांनी चष्मा वर करून वाचली, मग खाली करून वाचली.

"रत्नपाल भाऊ, हे काय करून बसला गा तू? आपल्या हातानं लिवून देल्लं, का मी नक्कल केली म्हणून! नक्कल म्हणजे तिकडं चोरी होते ना."

"मंग इकडं काय होते?"

"इकडं तलाठी देते," केवलराम म्हणाले. दोघांनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

नोटिशीत लिहिलं होतं, की अर्जदाराने चोरी स्वतःच कबूल केली आहे. गेम, त्याच्या सगळ्या प्रती, चित्रं, आवाज, सगळं पंधरा दिवसांत नष्ट करावं. सोबत जोडलेल्या मसुद्याप्रमाणे तसं शपथपत्र द्यावं. या कामात आणखी कोण कोण होतं त्यांची नावं द्यावीत, आणि त्यांचीही वेगळी शपथपत्रं द्यावीत. नाहीतर मुंबईच्या कोर्टात भेटू.

"शेवटची तीन कुलपं तं आमची आहेत," रत्नपाल म्हणाला. "थे टीव्हीवर कधी आलीच नाही."

"बरोबर आहे तुझं. पण हे सांगाले मुंबईले किती चकरा मारशीन?"

खरं सांगायचं तर रत्नपालला लढायची इच्छाच उरली नव्हती. त्याला नुसतं घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही. दुसऱ्यांची भांडणं पंधरा वर्षं कागदावर उतरवणाऱ्या माणसाजवळ स्वतःच्या भांडणापुरती ताकद शिल्लक राहत नसावी.

केवलरामांनी मुंबईहून आलेला मसुदा मराठीत करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नपालने घरीच शपथपत्र टाइप केलं. 'या कामी सहभागी इतर व्यक्ती' यापुढे त्याने लिहिलं, 'कोणीही नाही.' अल्का मागे उभी राहून वाचत होती.

"माझं नाव काऊन नाही?"

"तुले कायले फसवू? नोटीस एकट्याच्या नावानं आहे, एकट्यानंच निपटू दे."

"पाच वर्षं मी का नुसती चहा करून राहिली होती?" तिचा आवाज चढला नाही. "गेमवर तुमचंच नाव होतं, मी काही म्हटली नाही. पेपरात बातमी आली, थ्यातबी तुमचंच. आता चोरीत तरी माझं नाव येऊ द्या."

रत्नपालची मान खाली गेली. बातमीत तिचं नाव नव्हतं हे त्याच्या आजवर ध्यानातही आलं नव्हतं, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. 'कोणीही नाही' त्याने मिटवलं, तिथे तिचं नाव घातलं आणि तिच्या शपथपत्रासाठी नवीन पान उघडलं. हात सवयीने चालले. 'मी, सौ. अल्का रत्नपाल शहारे, वय ३२ वर्षे, धंदा घरकाम, रा. सडक अर्जुनी...'

"घरकाम कायले?" ती म्हणाली. "मिटवा थे. चित्रकार लिवा."

आजवर हजारभर बायांच्या नावापुढे त्याने 'घरकाम' लिहिलं असेल, एकीनेही तो शब्द बदलायला लावला नव्हता. त्याने एकेक अक्षर मागे घेत तो पुसला आणि 'चित्रकार' लिहिलं. अल्का वाकली, तिने ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. पुढचं वाक्य मुंबईच्या मसुद्यातलं होतं, त्यात काना-मात्राही बदलायची नव्हती. रत्नपालने ते जसंच्या तसं खाली उतरवलं: 'सदर खेळातील सर्व चित्रे मी स्वतःच्या हाताने नष्ट केली आहेत.'

पान छापून निघालं, आणि अल्काने सही करायला त्याच्याकडून पेन मागून घेतला.