मेहरुन्निसानं उचललेली मोटार

मंगरूळपीरच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घणाचे ठोके ऐकू येत. तिथं लोखंड कुठवर तापवायचं आणि कुठं ठोकायचं हे ठरवणारी एक बाई आहे, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसायला त्याच्या गाडीच्या चाकाला धाव चढेपर्यंतचा वेळ लागायचा. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरचं लोखंडी कडं. ते गोवऱ्यांच्या आरात लालबुंद करून चाकावर बसवायचं आणि लगेच वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला अशी मिठी मारतं की दहा वर्षं सुटत नाही. मेहरुन्निसाच्या धावा पंधरा वर्षं टिकत.

नवरा निजामुद्दीन होता तोवर ती भाता ओढायची. बावीस वर्षं तिनं भाता ओढला आणि त्या बावीस वर्षांत लोखंडाचे सगळे रंग तिच्या डोळ्यांत उतरले. निजामुद्दीन गेला तेव्हा लोक म्हणाले, आता भट्टी थंड झाली. चाळीस दिवस झाल्यावर तिनं पदर खोचला, नवऱ्याबरोबर घण मारणाऱ्या रूपलाला बोलावणं धाडलं आणि भट्टी पेटवली. गावानं नाकं मुरडली. पण गावाची तत्त्वं आपली स्वतःची गाडी अडेपर्यंतच टिकतात. सुगी आली, चाकं खिळखिळी झाली आणि नाकं मुरडणारेच चाकं गडगडवत तिच्या दाराशी आले.

१९५६ सालचा हिवाळा होता. तिचा दीर तय्यब अकोल्याहून आला. तिथं त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील या एका काळजीनं तो अर्धा झाला होता.

"भाभी, लय झालं," तो म्हणाला. "मोठ्या भावाची बायको घणापाशी उभी राह्यते, मले तोंड दाखवाले जागा नाई राह्यली. भट्टी इकून टाकू. अकोल्याले चला, सुखानं बसा."

"बसून काय करू?"

"आराम."

मेहरुन्निसाला आराम या शब्दाचीच धास्ती वाटली. अकोल्याचं ते घर तिनं पाहिलं होतं. तिथं सकाळी तांदूळ निवडायचे, दुपारी तांदूळ निवडायचे आणि संध्याकाळी जावेचं ऐकून घ्यायचं. तिला रडूच आलं असतं, पण दिरासमोर ती रडणार नव्हती. भट्टीची जागा सासऱ्याच्या नावावर होती आणि सासऱ्याच्या मागे तय्यबचा शब्द चालणार होता, हे तिला पक्कं माहीत होतं.

नेमक्या त्याच दिवशी धरमसिंगची मोटार दाराशी येऊन थांबली.

इंझोरीपलीकडच्या तांड्यावरचा हा तिशीतला गडी. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. धरमसिंगनं लष्कराच्या लिलावातून एक पिकअप आणली. पुढं दोघांची केबिन, मागं उघडा हौदा. पण लढाईत धावून धावून तिचे पुढचे पाटे पार चपटे झाले होते. पाटे म्हणजे चाकांवर बसवलेल्या पोलादी कमानी, गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. पुढून मोटार अशी वाकलेली होती की नमस्कारच करते आहे असं वाटावं. तांड्याच्या अलीकडच्या नाल्यात उतरली की नाक दगडाला भिडायचं. मग माल अलीकडेच उतरवायचा आणि तांड्यातल्या बायांनी डोक्यावरून पलीकडे न्यायचा. लोक हसायचे. बैल नाला ओलांडत होते, मोटार ओलांडत नाही म्हणायचे.

"चाची, नवे पाटे भेटत नाई," धरमसिंग म्हणाला. "टायर भेटले, दांडगे भेटले. याच रिंगेवर बसतात. पण गाडी उचलल्याबिगर ते आत मावत नाई."

तय्यब मध्येच हसला. "धावा चढवणारी बाई मोटार उचलीन?"

मेहरुन्निसानं खाली वाकून पाट्यांवरून हात फिरवला. पोलाद चांगलं होतं, नुसतं दमलं होतं. ती उठली आणि दिराला म्हणाली, "ही मोटार दहा पोते ज्वारी घेऊन नाला चढली, तर मी इथंच राहीन. नाई चढली तर तुह्यासंग येतो. मंजूर?"

"मंजूर," तय्यब म्हणाला. त्याला हे फार स्वस्तात मिटलं असं वाटलं.

चार दिवस भट्टी धडधडत होती. मेहरुन्निसानं एकेक पाटा सोडवला, तापवला आणि रूपलाच्या घणाखाली पुन्हा कमानदार केला. मग जवसाच्या तेलात विझवला. विझवलेलं पोलाद काचेसारखं फुटतं, म्हणून ते परत हलकं तापवावं लागतं. किती, ते ती निंबाची वाळली काडी पाट्यावर घासून ठरवायची. काडी नुसती धुरली की थोडं थांबायचं, काडीच्या टोकाला ठिणगी धरली की पाटा बाहेर. तिनं पुढं एक जादा पाटाही घातला. दांडगे टायर चढले. मग हौद्यात पाण्यानं भरलेली परात ठेवून तिनं मोटार पुढून-मागून सारखी केली. पाणी एका कडेला झुकेना. मोटार छाती काढून उभी होती. बघ्यांनी माना डोलावल्या आणि मेहरुन्निसाला स्वतःचा अभिमान वाटला.

मग दहा पोती चढवली.

दर्ग्याच्या वळणावर मागच्या चाकांनी घर्र असा आवाज केला आणि जळक्या रबराचा वास सुटला. ओझ्यानं मागची बाजू बसली होती, टायर मडगार्डवर घासत होते. पुढचं नाक वर गेलं होतं. धरमसिंग केबिनमधून ओरडला, "स्टेरिंग हलकं झालं चाची, फिरवतो तिकडं जातच नाई."

तय्यबनं फक्त रुमालानं चष्मा पुसला, आणि ते मेहरुन्निसाला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मेहरुन्निसा मोटारीपाशी उकिडवी बसली. भरल्या टायरचं पोट जमिनीशी कसं चपटलंय, बाहेर कसं फुगलंय, ते ती पाहत राहिली. आयुष्यभर तिनं लोखंडी धावा चढवल्या होत्या. धाव रिकाम्या गाडीला असते तशीच भरल्या गाडीला असते. रबर तसं नव्हतं. आणि पाटेही ओझ्यानं बसणारच होते. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण अर्धी गोष्ट तिला तोंडपाठ होती. वऱ्हाडातला कोणताही गाडीवान आधी गाडी भरतो आणि मग एका हातानं धूर, म्हणजे गाडीचं पुढचं जुवाकडचं टोक, उचलून पाहतो. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, धूर वर उठते आणि बैलांना गाडी आवरत नाही. रिकाम्या गाडीची धूर उचलून पाहणाऱ्याला लोक खुळा म्हणतात. तिनं चार दिवस नेमकं तेच केलं होतं.

"चूक माही," ती उभी राहून मोठ्यानं म्हणाली. "मोटार उलाळ झाली. मी रिकामी तोलली, भरलेली तोलाले पायजे होती. धरमसिंग, अजून दोन दिवस दे."

रूपलानं काही न विचारता घण उचलला. तय्यबनं दोन दिवस दिले. तो हरणाऱ्या माणसाशी उदार होता.

या वेळी तिनं पोती हौद्यातच ठेवून मापं घेतली. कुठं किती बोटं फट राहते, टायर किती फुगतो, सगळं दोरीच्या गाठींत बांधून घेतलं. मग पोती उतरवून मागचे पाटे काढले, त्यांची कमान वाढवली, तिथंही एक जादा पाटा घातला. मडगार्डची कड छिन्नीनं दोन बोटं कापली. काम संपलं तेव्हा रिकामी मोटार पुढून पुन्हा जराशी खाली दिसत होती.

"हे काय भाभी? पुन्हा नाक खालीच?" तय्यब म्हणाला.

"पोते चढू दे," ती म्हणाली.

पोती चढली. मागची बाजू हळूहळू खाली आली आणि पुढच्या बाजूच्या रेषेत येऊन थांबली. परातीतलं पाणी सपाट उभं राहिलं. रूपला पहिल्यांदाच हसला.

नाल्यावर सगळे गेले. तय्यब केबिनमध्ये धरमसिंगशेजारी बसला, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला पटणार नव्हतं. मेहरुन्निसा पायीच नाल्यात उतरली आणि ज्या दगडांवर मोटार दर वेळी आपटायची त्यांच्याजवळ वाकून उभी राहिली. पलीकडच्या काठावर धरमसिंगची आई रुखमाबाई तांड्यातल्या बायांना घेऊन उभी होती. ओझी उचलायचीच आहेत या हिशेबानं त्यांनी डोक्यावर चुंबळीही ठेवल्या होत्या.

मोटार उतरली. पुढची चाकं दगडांवरून गेली आणि नाक दगडाच्या चार बोटं वरून निघून गेलं. वळणावर टायर घासले नाहीत. वाळूत चाकं क्षणभर जागीच फिरली, पण दांडग्या टायरांनी वाळू धरली. चढावर मोटार तोंड वर करून घुरघुरली, पोती मागं दबली, आणि एक पोतंही न सांडता, कुठंही न टेकता ती काठावर जाऊन उभी राहिली.

बायांनी चुंबळी काढून हातात घेतल्या. रुखमाबाईनं मोटारीच्या टपाला हात लावून पाहिला आणि मुलाला विचारलं, "कोन मिस्तरीनं केली?"

धरमसिंगनं नाल्याकडे बोट दाखवलं. मेहरुन्निसा ओल्या वाळूतून, चप्पल हातात घेऊन, काठ चढत होती. रुखमाबाई चार पावलं खाली उतरली आणि तिनं तिला हाताला धरून वर घेतलं. मेहरुन्निसा हसत होती आणि डोळेही पुसत होती. आता ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

तय्यब केबिनमधून उतरला. त्यानं चारही चाकांभोवती एक फेरी मारली. वाकून खाली पाहिलं, पाट्यांवर टिचकी मारली, पुन्हा उभा राहिला. मग चष्मा काढून हातात धरला.

"भाभी, मी उद्याच्या सर्विस मोटारीनं अकोल्याले जातो," तो म्हणाला. "एकटाच जातो."

"जाय," मेहरुन्निसा म्हणाली. "पण रस्त्यानं कोनी इचारलं की तुही भाभी काय करते, तर खाली मान घालजो नोको. सांगजो, मोटारी उचलते."