लेम्पीची शनिवारची डोकेदुखी

कुणी नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं की आउनेचं टाळकं सरकायचं. कुठे दुखतंय? एका बाजूला ठणकतंय की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं? उजेड सहन होतो का? झोप झाली का, पाणी प्यायलास का? एवढंही सांगता येत नसेल तर डोकं हवंय कशाला, असं ती तोंडावर विचारायची. फिनलंडमधल्या, तळ्याकाठच्या कुइक्कानिएमी गावात दवाखान्याची नर्स कधीमधीच यायची, त्यामुळे गावाला आउनेच्या शिव्या खाण्यावाचून इलाज नव्हता.

शिव्या देत का होईना, ती करायची मन लावून. ठणकणाऱ्या डोक्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून कपाळावर गार फडकं ठेवायची आणि घरातल्यांना दम भरायची, भांड्याचा आवाज आला तर बघा! पट्टा आवळणाऱ्याची मान गरम फडक्याने शेकून चोळून द्यायची. एकदम कळ मस्तकात गेली, किंवा तापात मान आखडली, तर मात्र ती हात लावायची नाही, सरळ डॉक्टरकडे पिटाळायची. शेजारचा इल्मारी रविवारी डोकं धरून आला, तेव्हा तिने पाण्याचा जग त्याच्यापुढे आदळला.

"ही डोकेदुखी नाही रे, ही बाटली आहे. हे सगळं पी आणि चालू लाग."

अशा बाईकडे तिची धाकटी बहीण लेम्पी राहायला आली. अर्धं आयुष्य स्वीडनच्या कारखान्यात काढून, पेन्शन घेऊन. आउनेचा नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. बहीण येणार म्हणून तिने वरची खोली रंगवली, नवे पडदे शिवले, आणि हे कौतुक कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आठवडाभर दिसेल त्याच्यावर खेकसत राहिली. लेम्पीने आता मरेपर्यंत इथेच राहावं, एवढंच तिला हवं होतं. पण तसं तोंडाने म्हणेल तर ती आउने कसली!

आणि लेम्पीचं डोकं दुखायला लागलं. तेही शनिवारी.

शनिवारी आउने काळा पाव भाजायची. स्वयंपाकघराचा निम्मा भाग व्यापून बसलेली तिची भट्टी सोमवारपर्यंत ऊबदार राहते असं गावात म्हणत, आणि त्याचा तिला कोण तोरा! लाकडं जळून निखारे झाले की ती ते सारखे पसरायची, धुराड्याची झडप घट्ट लावायची आणि भट्टी मुरेपर्यंत तळ्यावर सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला जायची. लेम्पी पाव वळत भट्टीपाशी बसायची. आउने परत येईपर्यंत तिचा चेहरा उतरलेला असायचा.

"आउने, डोकं जड झालंय गं. सगळीकडून. मळमळतंय, पाय लटपटतायत."

आउनेने आधी कॉफी पाजली. सकाळची कॉफी चुकली की डोकं धरतं, हे तिला ठाऊक होतं. नाही थांबलं. मग मान शेकली. मग चष्मा बदलायला लावला. काही केल्या गुण येईना, पण संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जाऊन सौनात बसली की लेम्पीचं डोकं साफ उतरायचं. तिथे आउनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरात काम असलं की दुखतं आणि सौनाला निघालं की थांबतं! असली डोकेदुखी मी जन्मात नाही बघितली. सोंग आहे हे, सोंग!"

"सोंग?" लेम्पीने हातातलं पीठ खाली ठेवलं.

"नाही तर काय! तिकडे स्वीडनमध्ये भिंतीतून आयती ऊब मिळायची. इथे भट्टीपुढे बसायचं म्हणजे बाईसाहेबांच्या जिवावर येतं."

पुढच्या शनिवारी लेम्पीने तक्रार केलीच नाही. पाव वळून झाल्यावर एवढंच म्हणाली, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारच्या बसने परत जाते. तिथे माझं डोकं दुखत नव्हतं."

"जा की! कुणी धरलंय?" आउने म्हणाली, आणि रात्रीपर्यंत भांडी आपटत राहिली.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि घोटा सुजला. म्हणून शनिवारी झडप लावून ती भट्टीजवळच्या बाकावर बसली, आणि सौना तापवायला लेम्पी गेली. थोड्या वेळाने आउनेचं डोकं दुखू लागलं. तिने गावातल्या माणसांना विचारायची तेच सगळे प्रश्न स्वतःला विचारले. एका बाजूला? नाही. पट्टा? नाही. कॉफी झाली होती, झोप झाली होती, पाणी पोटात होतं. तिच्या माहितीतल्या एकाही डोकेदुखीत हे बसेना, याचाच तिला राग आला. मग मळमळलं. भट्टीच्या उबदार माथ्यावर झोपलेल्या घरच्या मांजराला तिने हाक मारली, तर ते कानही हलवेना.

तिने भट्टीच्या तोंडातून आत पाहिलं. निखाऱ्यांवर निळी ज्योत पळत होती.

निळी ज्योत असेपर्यंत झडप लावायची नाही, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. लावली की तो बिनवासाचा, न दिसणारा विषारी वायू घरात भरतो, आणि घरं झोपेतच संपतात. आउनेलाही कळत होतं. पण ऊब वाया जाते म्हणून ती वर्षावर्षाला झडप थोडी थोडी आधी लावत गेली होती. तिला स्वतःला कधी काही झालं नाही, कारण त्या वेळी ती बाहेर मोकळ्या हवेत असायची. आत बसायची ती लेम्पी.

ती उठायला गेली तर पायांनी साथ सोडली. दारापर्यंत ती अक्षरशः सरपटत, स्वतःला शिव्या घालत पोचली. काडेपेटी न्यायला आलेल्या लेम्पीने तिला बखोटीला धरून बाहेर ओढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, झडप उघडली, मांजर आणून बर्फात ठेवलं आणि इल्मारीला गाडी काढायला ओरडून सांगितलं.

दोघी पायऱ्यांवर बसल्या. मांजर शिंकलं. आउनेचं डोकं हळूहळू हलकं होऊ लागलं. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं.

"मला जोरात सांगायला काय झालं होतं तुला?"

"जोरात?" लेम्पीचा आवाज असा चढलेला आउनेने कधी ऐकला नव्हता. "दर शनिवारी सांगत होते! मळमळतंय म्हटलं, पाय लटपटतात म्हटलं! त्या दारुड्याचं डोकं तू नीट तपासतेस आणि मी म्हणजे सोंगाडी?"

"बरं बाई, चुकलं. आता कळलंय ना? यापुढे झडप उशिरा लावीन. मग आता कशाला जातेस?"

"आणि उद्या माझ्या छातीत दुखलं तर?"

  इल्मारीची गाडी फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा आउने मांजराच्या अंगावरचा बर्फ झटकत होती.

मंगळवारी लेम्पीची बॅग आउनेने लंगडत, स्वतःच बसपर्यंत नेली. ड्रायव्हर हात लावायला आला, तर त्याच्या अंगावर ओरडली.