सात परस खालचं रान

काहीही नवं दिसलं की मिस्त्रीमामा आधी एकच विचारायचे, "हे कुनाच्या नावावर?"

रस्त्याकडेचं कडुनिंब असो, कुणाच्या दारातली नवी फटफटी असो, नाही तर एकटाच चरणारा बैल असो, प्रश्न ठरलेला. माझ्या हातात भूगर्भशास्त्राचा हातोडा पाहिला तेव्हाही त्यांनी आधी तेच विचारलं. "कॉलेजच्या नावावर," मी म्हणाले. त्यांनी तो घेतला, तोलून पाहिला आणि परत दिला. "हलका हाय. पन दुसऱ्याचा हाय, मंग काय बोलावं."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एकच वाक्य जन्मभर बाळगतात आणि आपण ती खोड समजून सोडून देतो. मीही तेच केलं होतं, कारण मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सरांनी आम्हा चौघांना एकेक छोटा संशोधन प्रकल्प दिला. माझ्या वाट्याला आल्या तीस विहिरी. प्रत्येक विहिरीत उतरायचं, भिंतीत दगडाचे थर कसे लागतात ते फीत लावून मोजायचं, नमुने घ्यायचे आणि सगळं आलेखाच्या कागदावर उतरवायचं. शेवटी जूनमध्ये बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर दहा मिनिटं बोलायचं. मला तर रात्री झोप येईना. तोवर आम्ही दगड पाहिले होते ते कपाटातले, पांढऱ्या रंगाने आकडे टाकलेले. पोरगी विहिरीत उतरणार म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी माझं आजोळ तीर्थपुरीचं आहे आणि तिथे मामा आहे, एवढ्यावर तह झाला.

मामा म्हणाला, "हिरीत उतरायचं तर मिस्त्रीसंगं उतर. निम्म्या हिरी त्याच्याच हातच्या हायेत."

मिस्त्रीमामा विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम होते. साठीच्या आसपासचे, वाळलेले, एका गुडघ्याने अधू. विहिरीच्या काठावर आले की चपला काढून बाजूला ठेवत. मला वाटलं, श्रद्धा असेल. तसं विचारलं तर हसले. "शरदा कसली. पायाला दिसलं पायजे." मग भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर एकेक पाय टेकत असे उतरत, की मी वर उभी राहून श्वास धरायची. खाली गेल्यावर पहारीने भिंत ठोकायची, कान लावायचा आणि सांगायचं, "हितून दीड परस पक्का दगड हाय. मंग भुसभुशीत." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मी फीत सोडायची, मोजायची आणि चडफडायची, कारण त्यांचं बरोबर निघायचं.

नमुना फोडला की मी तो पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची. विहीर कुठली, खोली किती, गोळा कुणी केला. पहिल्याच दिवशी त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे खाली काय लिव्हलं?"

"माझं नाव."

"मंग हा धोंडा तुझ्या नावावर झाला?"

"झाला," मी म्हणाले. पिशवी त्यांनीच खांद्यावर मारून वर आणली होती, पण ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. ते मात्र दिवसभर मधूनच मान हलवत राहिले. "इतकं सोपं असतंय व्हय," असं काहीसं पुटपुटलेही.

चौथी विहीर मोसंबीच्या बागेतली. सात परस खाली, काळ्या दगडाच्या पोटात, हातभर जाडीचा लाल पट्टा होता. ओला, कुंकवासारखा. पुस्तकात मी त्याबद्दल वाचलं होतं, पण समोर पाहिला आणि अंगावर काटा आला. मी ओरडलेच. मिस्त्रीमामा शांतपणे म्हणाले, "ही तांबडी. ही समद्या हिरींत लागती. भाचीबाई, एक सांग. चाळीस वर्सं झाली, ज्याला त्याला इचारून राह्यलो. इतक्या खाली, दगडाच्या आत, माती कुनी नेऊन ठुली?"

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. मला येत असलेला प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी तरी खरं उत्तर हवं म्हणून विचारत होतं. मी तिथेच, एका दगडावर पाय आणि दुसऱ्यावर कोपर टेकून, सांगत सुटले. जमिनीला भेगा पडल्या, आतला रस बाहेर आला, पसरला, थिजला, त्याचा हा खालचा दगड. मग कितीतरी काळ काहीच घडलं नाही. ऊन, पाऊस, वारा. दगड कुजला, त्याची माती झाली. मग पुन्हा रस आला, मातीवर पसरला, तिला विटेसारखी भाजून त्याने झाकून टाकलं. तो हा वरचा दगड. सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली.

आकड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "म्हंजी हितं ऊन पडत व्हतं?"

"हो."

"पाऊस बी?"

"पाऊसही."

"मंग हे रान व्हतं," ते म्हणाले. आमच्याकडे रान म्हणजे शेत. तळहात त्या लाल पट्ट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "हे कुनाच्या नावावर?"

मी खदखदून हसले. "मामा, तेव्हा माणूसच नव्हता. कुणाच्याच नावावर नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी पाटीभर तांबडी खणली आणि त्या अधू गुडघ्यानिशी स्वतः वर नेली, मला हातसुद्धा लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात तेलाचा अर्धा कापलेला डबा होता. तांबडी कुटून, चाळून, भिजवून त्यात भरलेली. त्यात ते मूग पेरत होते. मी शहाणपणा केला. "ही भाजलेली माती आहे, मामा. काही उगवायचं नाही यात."

"बघू की," ते म्हणाले.

माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. मी म्हटलं, नुसतं असं चालत नाही, शेजारी काळ्या मातीचाही डबा हवा, तेवढेच दाणे, तेवढंच पाणी, म्हणजे ताडून बघता येईल. त्यांना ते पटलं. पण काळी आणायची कुठून, यावर अडलं. कुणाच्याही रानातून न विचारता माती उचलायला ते तयार होईनात. शेवटी मी आमच्या मामाच्या शेतातून टोपलंभर आणली.

पाचव्या दिवशी दोन्ही डब्यांत मूग वर आला. मिस्त्रीमामा मला बोलवायला थेट बाजारातल्या विहिरीपर्यंत लंगडत आले. मी बघितलं आणि थंडपणे सांगितलं, "बी आधी स्वतःच्या पोटातलं खातं. चार पानं येऊ द्या, मग खरं."

"तुझं समाधान व्हतच न्हाई," ते चिडून म्हणाले, पण रोज पानं मोजू लागले.

तो महिना कसा गेला कळलं नाही. सकाळी विहीर, दुपारी मामाच्या ओसरीवर कागद, संध्याकाळी डबे. तेरा-चौदा विहिरी झाल्या तेव्हा मी कागद जोडून लाल रेघ ओढली आणि ती गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली. शाळेखालून, बाजारतळाखालून, पाटलाच्या कापसाखालून. मी नाचायचीच बाकी राहिले. मिस्त्रीमामा गुडघा धरून कागदावर वाकले.

"ह्या घराखाली बी हाय?"

"आहे."

"म्हंजी तुझ्या मामाच्या घराखाली बी माझं रान हाय."

मामाने मान्य केलं. झालं, पुढच्या आठवडी बाजारात मिस्त्रीमामांनी पाटलाला चारचौघांत सांगितलं, "पाटील, जरा जपून नांगरा. तुमच्या कापसाखाली माझं रान हाय." पाटीलही मिश्किल माणूस. "वहिवाट कुठून देऊ, मिस्त्री?" म्हणाला. सगळा बाजार हसला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर तांबडीच्या डब्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, कोंबड्यांसाठी. काळीचा डबा उघडाच. मीही बाजारातल्या हशात रंगले होते. म्हटलं, "मामा, आता सातबारा काढून टाका."

"तलाठी हिरीत उतरंल का?" ते म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

मिस्त्रीमामी चुलीपुढे बसल्या होत्या. त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "हसू नको, भाचीबाई. मानसानं समद्या गावाची रानं भिजवली, अन् ह्याला सोताचं वावभर रान न्हाई. बापाला बी नव्हतं. डब्यातलं का व्हईना, पिकू दे एकदा."

मला फार लाज वाटली. महिनाभर मी त्या माणसाबरोबर हिंडत होते, त्याच्या खांद्याला धरून विहिरीत उतरत होते आणि त्याचा प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. त्या दिवसापासून मीही पानं मोजू लागले, ती काही अहवालासाठी नव्हे. पिकायलाच हवं होतं ते.

मी निघाले तेव्हा काळ्या डब्यातला मूग गुडघ्याला लागत होता. तांबडीतला वीतभर, पिवळट, पाच पानांचा. फूल कुठेच नव्हतं. मिस्त्रीमामा एस.टी.पर्यंत आले. नमुन्यांची पेटी टपावर चढवून म्हणाले, "कळवतो."

जूनमधलं भाषण चांगलं झालं. लाल रेघ पाहून सर खूश झाले. शेवटी मला राहवलं नाही, मी डब्याची गोष्ट सांगितली. पाहुण्यांपैकी एक म्हातारे शास्त्रज्ञ एकदम पुढे सरकून बसले. "मग? फूल आलं का?" मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, "मग प्रकल्प संपला कसा?"

जुलै उजाडला तरी काही कळलं नाही. आणि मग एके दुपारी पोस्टकार्ड आलं. बाजारातल्या मारवाडी शेटजींकडून लिहवून घेतलेलं, अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र मिस्त्रीमामांचा. "भाचीबाईस आशीर्वाद. तांबडीत मूग पिकला. शेंगा दोन. दाणे अकरा. काळ्या डब्यातले मोजले नाहीत. ते रान तुझ्या मामाचं आहे, ते मोजतील."

मी ते कार्ड घेऊन पळत सरांकडे गेले. सर खो खो हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले. तुलनेचा आकडाच नसल्याने शास्त्राच्या दृष्टीने त्या प्रयोगाला काही अर्थ नव्हता. पण इतका आनंद मला पुढे माझ्या कुठल्याच शोधनिबंधाने दिला नाही.

पुढे शिक्षण, नोकरी, संसार. मी दुसऱ्या जिल्ह्यात, शिकले त्याच कॉलेजात, शिकवू लागले. आजोळी जाणं होई तेव्हा मिस्त्रीमामा भेटत. बोअरचं यंत्र आलं होतं, हाताने विहिरी खोदणं थांबलं होतं, पण डबा होता. दर साली त्यातलेच दाणे ते त्यातच पेरत. "औंदा तेरा," असं मला लांबूनच सांगत.

मग एका उन्हाळ्यात मामाचा फोन आला. मिस्त्री गेला, म्हणाला. आठ दिवस झाले. त्याला वाटलं, मला कळवायला हवं.

मला जायला दिवाळी उजाडली. मिस्त्रीमामी दारातच होत्या. मागे डबा तसाच होता, कडा गंजलेल्या, भोवती बाभळीचे काटे, तेही ताजे तोडलेले. मूग काढून झाला होता.

"औंदा मीच पेरला व्हता," त्या म्हणाल्या. "पानी घालायला मला पयल्यापासून मुभा व्हती. बाकी कुनाला हात लावू देत न्हवते." मी विचारलं, मूठभर माती नेऊ का.  पदराने हात पुसून त्यांनी स्वतःच काटे बाजूला केले आणि एक मूठ माझ्या रुमालात बांधून दिली. "तूच म्हनली व्हतीस ना, कुनाच्याच नावावर न्हाई म्हनून. त्यावरच जगले ते."

आमच्या विभागातल्या कपाटात त्या उन्हाळ्याचे तीस नमुने आता माझ्याच ताब्यात आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर, गोळा करणाऱ्याच्या रकान्यात, माझं नाव. सुट्टी संपल्यावर मी एक रिकामी डबी घेतली, रुमालातली तांबडी तिच्यात भरली आणि नवी चिठ्ठी लिहायला बसले. ठिकाण, तीर्थपुरी. खोली, सात परस. शेवटच्या रकान्यात मी मिस्त्रीमामांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सातबाऱ्यावर लिहितात तसं.