चवरीवाला कोणाचा?

गावचा मान पुराव्यानेच ठरतो, असं मला दोन प्रतिष्ठित घरांनी एका सुरात सांगितलं. पुरावा चावडीतल्या टेबलावर होता: मोगल दरबाराचं वीतभर चित्र. गावाच्या मालकीचं. मी म्युझियममध्ये असिस्टंट क्युरेटर, निवाड्यासाठी बोलावलेला. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून, पुढे एसटीने वरवट बकालच्या अलीकडच्या या गावी आलो होतो.

वाद असा. बादशहासमोर, सगळ्यांच्या पुढे, एक सरदार उभा होता. दरबारी चित्रात जो जवळ, तो मोठा. बापूसाहेब देशमुखांच्या मते तो त्यांचा पूर्वज, तुळशीराम पाटलांच्या मते त्यांचा. ज्याचा पूर्वज, त्याची बैलजोडी पोळ्याला तोरणाखालून पहिली जाणार. पोळा चार दिवसांवर होता.

देशमुखांनी मला स्वतःचं नाक एका बाजूने दाखवलं. पाटलांनी भावाचं दाखवलं, कारण त्यांचं स्वतःचं कुस्तीत मोडलं होतं. मी भिंग काढलं.

अशा चित्रात नाकापेक्षा कपडे पाहावेत. त्या दरबारात अंगरख्याचे बंद हिंदू डाव्या काखेत बांधत, मुसलमान उजव्या. सरदाराची गाठ तिळाएवढी होती, पण उजवीकडे. चित्र उलटं उतरवलेलं असू शकतं, म्हणून तलवारीही पाहिल्या. सगळ्या डाव्या कमरेला. म्हणजे चित्र सुलट.

"हे सरदार मुसलमान आहेत," मी म्हणालो.

"मंग आमचा कोनता?" देशमुखांनी हळू आवाजात विचारलं.

डावीकडे गाठ एकाचीच होती. बादशहामागे चवरी ढाळणाऱ्या नोकराची.

देशमुखांनी त्याला भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग भिंग पाटलांकडे सरकवलं. "तुळशीरामभाऊ, नाक तं तुमचंच दिसते."

"नाई हो, बापूसाहेब. आमची एवढी पोच कुठली? बादशहाच्या इतक्या जवळ तुमचेच लोक असतीन."

तासाभरात दोघांनी मिळून, मी न मागता, चित्र म्युझियमला देऊन टाकलं. फॉर्मवर देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. "पैले त्यायचं टाका," दोघंही म्हणाले. मी 'समस्त गावकरी' लिहिलं.

इतकं चांगलं चित्र फुकट कसं मिळालं, असं ऑफिसात साहेबांनी विचारलं. नीट पाहिलं म्हणून, असं मी सांगितलं.

पोळ्याचं पुढे सरपंचांच्या पत्रातून कळलं. तोरणाखालून पहिली गेली ती एका माळ्याची जोडी. ती उधळली होती.