गेम पार्लरचे भित्रे साहेब

हल्ली माझ्या वयाची माणसं गेम पार्लरच्या आठवणी काढून हळवी होतात. काय ते आवाज, काय ते दिवे, आणि घामेजल्या मुठीतलं टोकन! होवोत बापडी हळवी. मला पार्लर म्हटलं की आजही भीती वाटते, आणि ती आमच्या साहेबांमुळे वाटते.

साहेब म्हणजे मालक नव्हेत. मालक पुढे काउंटरवर टोकनं देत बसायचे. साहेब मशिनं दुरुस्त करायचे. तळघरातल्या त्या लांबोळक्या खोलीत एकाला एक खेटून अकरा मशिनं होती आणि त्यातलं एक तरी रोज रुसलेलं असायचं. साहेब हे नाव आम्हा पोरांनी ठेवलेलं, कारण काम करताना त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात. घाम निथळतोय, तोंडात खिळा धरलाय, पण ऐट अशी की जणू तपासणीला आलेत.

ऐट कसली! माणूस एक नंबरचा भित्रा. कुत्र्याला घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, मालकाच्या खोकल्यालाही दचकायचे. पण सगळ्यात जास्त घाबरायचे ते मशीनच्या पडद्यामागच्या काचेच्या मोठ्या नळीला, पिक्चर ट्यूबला. आधी प्लग काढायचे आणि तो सगळ्यांना दिसेल असा मशीनच्या डोक्यावर ठेवायचे. मग मागचं दार उघडायचे. मग पिशवीतून एक लांब स्क्रूड्रायव्हर निघायचा, त्याला काळी वायर, वायरच्या टोकाला चिमटा. चिमटा लोखंडी पट्टीला लावायचा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीवरच्या लाल रबरी टोपीखाली हळूच सरकवायचं. टच्च असा आवाज यायचा. साहेब म्हणायचे, "गेली." तेव्हा कुठे उजवा हात आत जायचा.

आम्ही मागे उभं राहून नक्कल करायचो. एकदा मी विचारलंच, "काका, प्लग काढलाय ना? मग कशाला एवढं घाबरता?"

"प्लग काढला तरी काचेत वीज दबा धरून बसते, बाळ. माझे उस्ताद माझ्यापेक्षा शूर होते. दोन्ही हात घालायचे." मग मानेने डाव्या खिशाकडे दाखवलं. "एका हातातून शिरली आणि दुसऱ्यातून निघाली, की वाटेत काळीज लागतं. म्हणून हा खिशात."

"उस्तादांचं काय झालं?"

"झालं काहीतरी. जा, खेळ."

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी. मी बारा वर्षांची, ती पाच. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर. शाळा सुटल्यावर मी धाकटीला चित्रकलेच्या वर्गाला न्यायचं, असं ठरलेलं, आणि मी तिला न्यायचे पार्लरमध्ये. धाकटीला दम भरलेला: घरी बोललीस तर बघ. आणि वर्षभर तिने ताकास तूर लागू दिली नाही, शहाणी पोर. पण माझी मात्र रोज पाचावर धारण. आईचा हात जड होता आणि जीभ त्याहून जड. एकदा खोटं सापडलं तेव्हा तिने मला दाराबाहेर उभं केलं होतं आणि संध्याकाळभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मार परवडला असता.

आणि एक दिवस साहेब मला म्हणाले (आईला ते तोंडओळखीने ओळखायचे), "काल बाजारात तुझी आई दिसली. तू धाकटीला वर्गाला नेतेस असं सांगत होती कुणाला. मी काही बोललो नाही. पण पुन्हा भेटली तर मला खोटं जमायचं नाही, बाळ. धाकटीला तरी इथे आणू नकोस. इथे नाही आणायचं लहान मुलांना."

मी आधी घाबरले. मग राग आला. भित्रट कुठले, आणि मला शिकवतात! दुसऱ्या दिवशी ते गाडीच्या शर्यतीच्या मशीनचा प्लग काढत होते, पिशवी मागे स्टुलावर होती. मी तो वायरवाला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दप्तरात कोंबला. आता बघू कसं दुरुस्त करतात. मालक ओरडतील, चांगली जिरेल.

साहेबांनी मशीनचं मागचं दार उघडलं, पिशवीत हात घातला, पुन्हा घातला. पिशवी उलटी केली. "इथेच तर ठेवला होता," ते स्वतःशीच म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "कुणी मागे जायचं नाही हं," असं दोनदा बजावून काउंटरकडे शोधायला गेले. मी ओठ दाबून हसत होते.

आणि आवाज आला, "ताई, इथे लाल टोपी आहे."

धाकटी. तिचं टोकन घरंगळत मशीनमागे गेलं होतं आणि ती त्याच्यामागोमाग उघड्या दारातून पार आत शिरली होती. मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. ओरडावं तर ती दचकून डोकं वर करेल. न ओरडावं तर हात लावेल. स्क्रूड्रायव्हर माझ्या पाठीवरच्या दप्तरात होता आणि मशीन चार पावलांवर. साहेबांना हाक मारून काढून दिला असता तर संपलं असतं. पण दिला की कळणार, कळलं की आईला कळणार. अहो, बहीण मरणाच्या दारात आणि मी आईला घाबरत होते! आज लिहितानाही लाज वाटते.

साहेब परत आले. चपला बघितल्या आणि जागच्या जागी पांढरे पडले. पण आवाज अगदी हळू. "बाळ, हलायचं नाही. आपण पुतळा-पुतळा खेळतोय. हात पोटाशी घे. घेतलेस?"

"हो. पण मला टोकन सापडलं."

"शाब्बास. आता पुतळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो स्क्रूड्रायव्हर पाहिलास का गं कुठे?"

मी मान हलवली. नाही.

आतून धाकटी म्हणाली, "मला शिंक येतेय."

साहेबांनी डावा हात खिशातून काढला. दोन्ही हात आत घातले. उजव्याने तिची कंबर धरली आणि डावं कोपर तिच्या डोक्याच्या आणि लाल टोपीच्या मध्ये धरलं. ती शिंकली. टच्च झालं. धाकटी बाहेर येऊन माझ्या पायाशी पडली आणि साहेब उलटे फेकले गेले, शेजारच्या मशीनवर डोकं आपटलं. बाकीच्या मशिनांमध्ये गाणी वाजतच होती. ते उठेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

डोक्याला सहा टाके पडले. जीव वाचला. मालक आले तेव्हा साहेब पट्टी बांधलेल्या डोक्याने म्हणाले, "चूक माझीच. हत्यार कुठे ठेवलं तेच आठवेना. आज या पोरीचा जीव गेला असता." महिन्याअखेरीस त्यांनी काम सोडलं. ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही त्याने मशीन उघडू नये, म्हणाले. आईला काही कळलं नाही. स्क्रूड्रायव्हर मी नाल्यात टाकला.

त्यानंतर बावीस वर्षं गेली. धाकटीला मुलगी झाली, ती पाच वर्षांची झाली, आणि एका दुपारी ती पलंगाखाली शिरली. तिच्या चपला तेवढ्या बाहेर राहिल्या. त्याच आठवड्यात मी साहेबांचं घर शोधून काढलं.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. साहेब म्हातारे झाले होते. खुर्चीवरून उठून गॅस बघून आले, बसले, पुन्हा उठून बघून आले. "हे असंच," बायको मला म्हणाली. "कुलूप पाच वेळा ओढून बघतात. नातवंडांना कडेवर घेत नाहीत. म्हणतात, मी विसरायचो काहीतरी."

मी सांगितलं. सगळं, एका दमात, जमिनीकडे बघून.

साहेबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, लहान मुलासारखा. "ऐकलंस का गं?" ते बायकोकडे वळले. "मी विसरलो नव्हतो! पिशवीतच होता! मी विसरलोच नव्हतो!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि चक्क आभार मानले.

बायकोला हसू आलं नाही. ती मला सोडायला दारापर्यंत आली. "आधी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटायची, काकू."

"एवढी वर्षं? कुणाची?"

"आईची," मी म्हणाले.

आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.