मागच्या धड्यातला शत्रू

भिसेगावातला माझा गॅरेजवाला साठीत पोस्टानं ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकतोय. स्कूटर उघडली की पाना खाली ठेवून आधी धडा ऐकवतो.

'शेजाऱ्यावर प्रीती' हा त्याचा निबंध मध्यंतरी परत आला. शिक्षकांनी लाल शाईत लिहिलं होतं, स्वतःचं उदाहरण द्या. समोरच्या गॅरेजवाल्याशी तर याचा दहा वर्षं अबोला.

"खोटं कसं लिवायचं?" म्हणत तो रस्ता ओलांडून गेला आणि दुपारभर त्यानं समोरच्याला इंजिन बसवायला मदत केली. आता दोघं एका डब्यातलं खातात.

काल मात्र त्याचा चेहरा पडलेला. नवा धडा शत्रूवरच्या प्रीतीचा.

"एकच शत्रू होता, तो मागच्या धड्यात संपला. आता दुसरा कुठून आणू?"

माझी स्कूटर चार दिवस उघडीच पडली होती.

"मी आहे की," मी म्हटलं.