आतल्या रांगेचे रिव्हेट

रिपोर्टवर नितीनदादाची सही झाली होती. तिच्याखाली माझी हवी होती. मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही.

"का?"

"उत्पादनातला दोष असं लिहिलंय तू. ते खोटं आहे."

"अगं, रिव्हेटला डोकं नाही. त्याला दोष नाही तर काय शिल्पकला म्हणायचं?"

न्युरेम्बर्गच्या आमच्या कंपनीत इंडस्ट्रियल सीटीचं काम चालतं. हॉस्पिटलमध्ये माणसाचा स्कॅन करतात, तसा आम्ही यंत्रांच्या पार्टचा करतो. पार्ट न फोडता आतलं दिसतं. रिपोर्ट बाहेर जायला चार डोळे लागतात. एकाने तपासायचं, दुसऱ्याने पुन्हा तपासायचं, दोघांनी सही करायची. नितीनदादा चाकणला क्वालिटीत होता, आता बारा वर्षं इथे आहे. मला या नोकरीत त्यानेच आणलं. माझी प्रोबेत्साइट, नोकरीचा परीक्षाकाळ, चालू होती, म्हणजे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मला घरी पाठवता येत होतं. व्हिसाही याच नोकरीवर. त्याच्या रिपोर्टवर सही नाकारणं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

पार्ट होता एका लढाऊ विमानाच्या शेपटीचा. एमई १०९, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फायटर. जवळच्या एका गावातल्या हौशी मंडळींच्या फेराइनने, म्हणजे मंडळाने, ते विमान वर्षानुवर्षं जोडत आणलं होतं. अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) ह्यूबनर, रिटायर्ड इंजिनिअर. बायकोच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यांनी शेपटीची चौकट स्वतः आणून दिली आणि उभ्या उभ्या मला या जातीच्या विमानाचं सगळं चरित्र ऐकवलं.

१९३० च्या दशकात ते पहिल्यांदा उडालं. स्पेनच्या यादवीत बॉम्बफेकी विमानांच्या राखणीला गेलं, तिथेच त्याची परीक्षा झाली. इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जायचं, म्हणून एकदम नाक खाली घातलं तरी ते खोकत नसे. सुरुवातीच्या ब्रिटिश विमानांचं इंजिन तिथे मार खायचं. पण टाकी लहान. लंडनवर पोचलं की लढायला मोजकी मिनिटं, नाहीतर परतताना समुद्रात. चाकं धडाला जोडलेली, एकमेकांच्या अगदी जवळ. त्यामुळे पंख चटकन काढता यायचे, कारखान्याची सोय, आणि विमानं उतरताना लडखडायची. शत्रूशिवायच कितीतरी मोडली. युद्ध संपत आलं तेव्हा डिझाइन जुनं झालं होतं, तरी तेच बनवत राहिले. जगात कुठलंच फायटर इतक्या संख्येने बनलेलं नाही.

"कोणी बनवलं?" मी विचारलं.

"आल्झो, म्हणजे तसं बघितलं तर, वेगवेगळ्या कारखान्यांनी."

या चौकटीवरचा शिक्का त्यांना ओळखता आला होता. कारखान्यांवर बॉम्ब पडायला लागल्यावर काम बोगद्यांत, जंगलांत आणि छळछावण्यांत नेलं गेलं. ही चौकट ग्रॅनाइटच्या खाणीशेजारच्या छावणीतली, इथून गाडीने दोन तासांच्या आत. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि परत इंजिनावर आले. विमान ज्या म्युझियममध्ये ठेवायचं होतं, तिथल्या पाटीचा मसुदाही दाखवला. वेग होता, चढण्याची क्षमता होती, कोणत्या पायलटने किती पाडली तेही होतं. छावणी नव्हती.

आता रिव्हेट. दोन पत्र्यांतून मऊ धातूचा खिळा घालायचा आणि मागचं टोक ठोकून त्याचं डोकं बनवायचं. डोकं बनलं की पत्रे जखडतात. न ठोकलेला रिव्हेट नुसता भोकात बसून राहतो. या चौकटीत बाहेरची रांग देखणी होती. आतल्या रांगेत एक सोडून एक रिव्हेट न ठोकलेला. चौकट बंद झाल्यावर तिथे कोणाची नजर जात नाही. तपासनीस काठीला लावलेला आरसा भोकातून आत घालायचा. त्या रांगेपर्यंत तो आरसा पोचत नाही.

फेराइनला विमान छताला टांगायचं होतं, उडतंय असं दिसावं म्हणून. मागची तार याच चौकटीला लागणार होती. दोष असा रिपोर्ट गेला की सोमवारी ड्रिल लावून ते रिव्हेट काढायचे आणि नवे मारायचे. मग छावणीतल्या एका कैद्याने जिवावर उदार होऊन मुद्दाम केलेलं काम कचऱ्याच्या डब्यात. अशा कामाला छावणीत फाशी व्हायची.

मी शेफकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे, गेले. हेर ब्रांडल शांतपणे म्हणाले, "आपण मोजतो. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते आपल्या मशीनला दिसत नाही."

मला संताप आला, कारण ते बरोबर होतं. मग सवयीने पत्रक लिहायला घेतलं. कॉलेजात कंत्राटी सफाई कामगारांसाठी लिहायचे, इथे भाडेकरूंसाठी लिहिते. जेवणाच्या सुट्टीत खरडलेलं नितीनदादाने वाचलं.

"छान आहे. म्युझियमच्या दारात उभी राहून वाटशील, लोक घडी करून खिशात घालतील. रिव्हेट सोमवारी जायचे ते जातीलच."

"मग तू सांग काय करू."

तो कुरकुरत बसला आणि स्कॅन पुन्हा उघडला. बराच वेळ नुसता फिरवत राहिला.

"नवखा माणूस सगळीकडे चुकतो," तो म्हणाला. "थकलेला ओळीने चुकतो, शिफ्ट संपताना. हत्यार बिघडलं तर सगळंच सारखं बिघडतं." मग त्याने बाहेरची रांग मोठी करून पाहिली. "हा कुठेच चुकलेला नाही गं. फक्त आरसा पोचत नाही तिथे."

त्याने स्वतःचा रिपोर्ट मागे घेतला. 'उत्पादनातला दोष' खोडून लिहिलं, 'न ठोकलेल्या रिव्हेटची मांडणी योगायोगाची नाही; तपासणीच्या आवाक्याबाहेरच्या रांगेपुरतीच आहे.' मला घातपात हा शब्द हवा होता. ब्रांडलनी तो काढला आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, एवढं मोजता येतं." मी सही केली.

शुक्रवारी ह्यूबनर आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "या विमानात एकोणीस वर्षांचा मुलगा बसायचा."

"आणि रिव्हेट मारणारा किती वर्षांचा होता? ते तुमच्या पाटीवर कुठे आहे?"

नितीनदादाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ह्यूबनर त्याच्याकडे वळले. त्यांनी त्याला विचारलं, कारागीर नुसताच वाईट असेल, असं नाही का होऊ शकत?

"बाहेरची रांग बघा," नितीनदादा म्हणाला. "चाकणच्या माझ्या लाइनवर असा हात मिळाला असता, तर मी तो सोडला नसता."

ह्यूबनर स्वतः आयुष्यभर शॉप फ्लोअरवर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बाहेरच्या रांगेवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, ड्रिल नको. पण या चौकटीवर तार लावता येणार नाही.

माझी प्रोबेत्साइट पार पडली. ते पत्रक माझ्या टेबलावरच पडून आहे, ब्रांडलनी त्याबद्दल अजून विचारलेलं नाही. पाटीवर छावणी आली, पण चौथ्या ओळीत. पहिली ओळ इंजिनाचीच आहे, आणि त्यावरून ह्यूबनरशी माझं भांडण चालू आहे.

विमान टांगलेलं नाही. हॉलमध्ये फरशीवर, त्या जवळजवळच्या दोन चाकांवर उभं आहे. ते उडू नये एवढंच ज्याला हवं होतं, त्याचं काम झालं.

आणि सही करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वाईट काम दिसलं, तर त्याच हाताचं चांगलं काम आधी शोधावं.